सभासद : शून्य

हलमधल्या इस्पितळाच्या तळघरात
रात्रपाळीला दोघंच : मी आणि सर्व्हरची घरघर.
वर हंबर नदीवरून धुकं आलंय म्हणतात.
इथे खाली एकच ऋतू, अठरा अंश, बारा महिने.

दोन इस्पितळांचं लग्न लागलं जानेवारीत.
संसार एक करायचा तर आधी भांडीकुंडी मोजायची :
अकराशे चाळीस गट.
कुठलं दार कुणाला उघडेल,
कोण फाइल नुसती वाचेल, कोण तिच्यात लिहील,
एक्स-रे कुणाला दिसेल, पगारपत्रक कुणाला नाही.
माणसाच्या हाती थेट हक्क द्यायचा नाही, हा नियम.
आधी माणूस गटात घाल, मग गटाला दे.
माणसं येतात-जातात, गट राहतात.

राहतातच.
गटाच्या पोटात गट, त्याच्या पोटात तिसरा,
तिसऱ्याच्या पोटात पुन्हा पहिला,
जसे दोन व्याही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत
उंबऱ्यावरच ताटकळलेले.
ती एक गाठ सोडवण्यात मंगळवार गेला.

माझ्याआधी इथे डेरेक ऑक्सटोबी होता.
वर्णनाच्या रकान्यात त्याची कधी तारीख, कधी शिवी,
कधी नुसतंच, "हात लावू नका. डे. ऑ."
आता विदर्नसीला समुद्रकाठी राहतो,
कुत्रा पाळलाय, फोन उचलत नाही.

साहेबांचा हुकूम साधा : रिकामे गट शुक्रवारपर्यंत पुसा.
पुसत गेले.
'ख्रिसमस-कॉयर-२००४'. गेला.
'फॅक्स-वापरणारे'. गेला.
'तात्पुरता', 'तात्पुरता-दोन', 'तात्पुरता-खरा'. गेले.
मग 'ट्रॉलर-क्लिनिक'.
सभासद शून्य.
ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात.
बटण दाबलं.
सर्व्हर म्हणाला, नाही.
हा कुणाचा तरी मूळ गट आहे.

विसरलेच होते.
प्रत्येक खात्याला एक मूळ गट असतो,
आणि त्या गटाच्या यादीत माणसाचं नाव येत नाही.
नोंद माणसापाशी असते.
गटाला विचाराल तर सांगेल, माझ्यात कुणी नाही.
माणसांना विचारत फिरावं लागतं.

एका ओळीचा शोध. एकच उत्तर.
एडना विनशिप.
शेवटचं लॉगिन : काल, पहाटे पाच चाळीस.

जुन्या केसपेपरांच्या कोठीत सापडली,
शिडीवर, चष्मा कपाळावर.
वीस वर्षांत नऊ खाती बदललेली,
नऊ गटांत नाव, नऊही बरोबर.
"तुम्ही मुळात कुठल्या?" मी विचारलं.
प्रश्न तांत्रिक होता.
मला इथे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं हेच,
तोंडाला त्याची चव कशी लागते ते आज कळलं.

"फिश डॉक, लव्ह," ती म्हणाली. फाइल खाली न ठेवता.
"बोटी यायच्या भरतीबरोबर.
तुटलेली बोटं, तळव्यात रुतलेले गळ.
शेवटी शेवटी बोटी कसल्या,
नुसते म्हातारे यायचे, आपापला खोकला घेऊन.
तरी उघडायचो पहाटेच."

काम दोन क्लिकचं होतं.
तिचा मूळ गट बदलायचा, सगळ्यांचा असतो तो द्यायचा,
मग हा पुसायचा. तिला कळलंही नसतं.
शुक्रवारी तक्त्यात लिहिलं :
शिल्लक एक. कारण, तांत्रिक.
साहेबांनी विचारलं नाही.

एप्रिलअखेर एडना निवृत्त झाली.
केक लिंबाचा होता, जरा कोरडा.
खातं नियमाप्रमाणे तीस दिवस गोठवलं, मग काढलं.
मीच काढलं.

आज पुन्हा 'ट्रॉलर-क्लिनिक'.
सभासद शून्य. या वेळी खरंच.
वर्णनाचा रकाना कोरा,
डेरेकनेही इथे काही लिहिलं नव्हतं.
सर्व्हर आता अडवत नाही.
विचारतो फक्त एकदा, कुणालाही विचारतो तसं :
नक्की?